दोन ब्रास भराव

तारीख नऊ जानेवारी. रक्कम पंधरा हजार रुपये, रोख. हजर: सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, आणि तळमजल्यावरचे काका. ठिकाण सेक्रेटरींचा हॉल. पावतीवर कारण लिहिलं होतं, 'तळे बुजवण्याची अनामत'. तळं तेव्हा अजून खणलंही नव्हतं.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. चार मजले, अठरा बिऱ्हाडं. मेन्टेनन्स उशिरा भरणारे, अर्धा भरणारे, पुढच्या महिन्याचा हवाला देणारे असे सगळे प्रकार मी खजिनदार म्हणून पाहिले आहेत. एखादी गोष्ट करण्याआधी ती मोडण्याचे पैसे भरणारा माणूस मात्र मला एकच भेटला. काकांना त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत 'कोई' या रंगीत जपानी माशांसाठी तळं बांधायचं होतं. जागा सोसायटीची, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. अर्जाबरोबर हिशोब जोडला होता. लांबी दहा फूट, रुंदी सहा, खोली साडेतीन. म्हणजे दोनशे दहा घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून बुजवायला दोन ब्रासहून थोडा जास्त भराव लागेल, वर लाल माती आणि मजुरी. सेक्रेटरी म्हणाले की परवानगी अजून दिलेली नाही, तुम्ही बुजवायचं काय बोलताय? काका म्हणाले, "परवानगी तुम्ही देणार, नाही देणार, ते तुमचं. पण उद्या मी गेलो तर खड्ड्यापायी कोणी माझ्या बायकोच्या दारात यायला नको."

परवानगी मिळाली. खरं सांगायचं तर त्या पंधरा हजारांमुळेच मिळाली.

काका भांडुपच्या एका पंपाच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. एकतीस वर्षं. तयार झालेला पंप चालवून बघायचा आणि पास की नापास सांगायचं, एवढंच काम. कारखान्यात मीटर होते, पण त्यांचा भरवसा लांब स्क्रू-ड्रायव्हरवर. त्याचं टोक चालू पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. रिटायर झाल्यावरही तो स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या खिशात असे. एकदा आमच्या सोसायटीच्या मोठ्या पंपाला त्यांनी तो लावला आणि मला म्हणाले, "खजिनदार, पैसे बाजूला काढून ठेव. ह्येचो बेअरिंग गेलो." पुढच्याच महिन्यात पंप अडकला. माझी आई मालवणकडची, हे कळल्यापासून ते माझ्याशी मालवणीतच बोलत. बिल्डिंगमधल्या बाकी सगळ्यांशी साधं मराठी.

त्यांच्या घरात दोन बेडरूम होत्या, त्यांतली एक माशांची. त्या खोलीत लोखंडी अँगलच्या मांडण्यांवर काचेच्या सोळा टाक्या होत्या. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे शाळेत सगळेच शिकतो. काकांनी त्यावरून घर निवडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचा याहून चांगला, हवेशीर फ्लॅट मिळत असताना त्यांनी तळमजला घेतला, कारण एवढा भार वर न्यायचा नव्हता. खोलीत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं कायम वळलेली. काकूंचं कपाट केव्हाच हॉलमध्ये आलं होतं. कोणी त्याबद्दल विचारलं की काकू म्हणत, "आमच्याकडे पाहुणे आलेत. ते काही जायचे नाहीत."

आत जायचं तर हात साबणाशिवाय धुवायचे, काचेवर टिचकी मारायची नाही, आणि मासे खातात तेव्हा बोलायचं नाही. हा शेवटचा नियम कशासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुज्या जेवणात कोण बोललो तर तुका आवडता?"

आणि हाच माणूस रोज दोन्ही वेळा मासे खाई. माहुलची एक कोळीण पाटी घेऊन यायची. तिच्याशी ते मागच्या दारातच भावावरून हुज्जत घालत, आणि सौंदाळे किंवा बांगडे तिथेच, तळ्याच्या कट्ट्यावर बसून साफ करत. पाण्यातून केशरी-पांढरे मासे तोंड वर करून बघत असत. कोळणीला हे मुळीच पटत नसे. एवढे दांडगे मासे पाळायचे, त्यांना विकतचा खाऊ घालायचा आणि स्वतः तिच्याकडून बांगडे घ्यायचे, हा तिच्या मते निव्वळ आतबट्ट्याचा धंदा होता. कालवणाला कधी काढणार, असं ती दर वेळी विचारी. काका म्हणत, "खावचो मासो येगळो, बगूचो मासो येगळो." सोमवारी ते स्वतः मासे खात नसत आणि त्या दिवशी पाळलेल्या माशांनाही काही घालत नसत. आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं राहिलेलं माशांनाही बरं असतं, असं त्यांचं म्हणणं. काकूंचं म्हणणं, त्यांना एकट्याला उपास करायला कंटाळा येतो.

तळ्याजवळ कट्ट्याच्या उंचीवर काळ्या प्लास्टिकच्या दोन टाक्या होत्या, प्रत्येकी दीड हजार लिटरच्या. त्या कायम भरलेल्या असत. पाण्याचं बिल वाढलं तेव्हा माझी नजर तिकडे गेली. मी त्यांना विचारलं की तीन हजार लिटर पाणी नुसतं साठवून का ठेवता. हा प्रश्न त्यांना आवडला. सगळ्या बिल्डिंगमध्ये तो विचारणारा मीच पहिला, असं म्हणाले. नळाच्या पाण्यात आपल्यासाठी क्लोरीन असतं, आणि त्यानं माशांचे कल्ले जळतात. पावसाळ्यात तर वासच येतो. म्हणून पाणी भरायचं, त्यात हवेचे बुडबुडे सोडायचे आणि दोन दिवस उभं ठेवायचं. मगच ते तळ्यात. "पाण्याक जरा निजांदे," ते म्हणाले. "ताजा पाणी आपल्याक. ह्येंका शिळा."

माझी आई रोज सकाळी पिण्याचा हंडा ओतून टाकून नव्यानं भरायची. कालचं पाणी घरात ठेवलेलं तिला खपत नसे. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत अजून तसंच चालतं. त्यामुळे काकांचं हे ऐकून मला गंमत वाटली. पण ते न विचारता कधी कोणाला काही सांगत नसत. बाकीच्यांना त्यांचं एकच सांगणं होतं, टाक्यांना हात लावू नका.

आता वहिनींविषयी. वहिनी म्हणजे सेक्रेटरींची बायको. त्या मागच्या वर्षी वारल्या, म्हणूनच हे लिहितोय. त्या असत्या तर लिहिलं नसतं.

वहिनींचा स्वभाव एका गोष्टीवरून कळेल. एकदा पहाटे दूध आणायला जाताना त्यांनी सोसायटीचं मोठं फाटक लोटलं. फाटकाखाली मांजराचं पिल्लू होतं. ते गेलं. चूक कोणाचीच नव्हती, अंधार होता. पण वहिनी त्यानंतर दोन वर्षं त्या फाटकातून गेल्या नाहीत. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्या तरी वळसा घालून मागच्या छोट्या दारानं यायच्या. सेक्रेटरी चिडायचे, डॉक्टरलाही दाखवून झालं. त्या अन्नाला नको म्हणायच्या, झोप लागत नाही म्हणायच्या. ते छोटं दार तळ्याला लागून होतं. येता-जाता त्या तळ्याजवळ थांबू लागल्या. काका त्यांना काही विचारत नसत. माशांच्या खाण्याची वाटी त्यांच्या हातात देत, एवढंच. मासे वहिनींच्या पावलांना ओळखू लागले. त्या पायरीवर आल्या की सगळे त्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. काकू म्हणायच्या, वहिनींना औषध आमच्या पाहुण्यांनी दिलं. पुढे केव्हातरी वहिनी मोठ्या फाटकातून यायला लागल्या, पण तळ्याशी थांबण्याची सवय सुटली नाही.

सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा. त्याची सगळी व्यवस्था वहिनींकडे. काका-काकू चतुर्थीला गावी जात आणि घरचा दीड दिवसाचा गणपती पोचवून परत येत. त्या वर्षी परतीला उशीर झाला, चौथ्या दिवशी रात्री आले. तळ्याचं पाणी तोवर हिरवट झालं होतं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी तळ्यातलं अर्धं पाणी काढलं, टाक्यांचे कॉक उघडले आणि आतल्या खोलीतल्या टाक्या बघायला गेले.

त्यांना माहीत नव्हतं ते असं. आदल्या संध्याकाळी वहिनींनी वॉचमनकडून दोन्ही टाक्या रिकाम्या करून घेतल्या होत्या. चिंच लावून घासल्या होत्या. पहाटे नळाला पाणी आल्याबरोबर ताजं पाणी भरलं होतं. विसर्जनाचा दिवस. बाप्पा निघणार, आणि आवारात आठवड्याचं शिळं पाणी. माशांनाही त्या दिवशी ताजं मिळावं, एवढीच त्यांची इच्छा.

माझं स्वयंपाकघर तळ्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. तळ्याचं कारंजं चालवणाऱ्या काकांच्या पंपाचा आवाज आम्हाला इतका सवयीचा होता की तो ऐकूही यायचा नाही. त्या सकाळी मी चहा करत होतो. पाण्यात काहीतरी जोरात आपटलं म्हणून खाली पाहिलं. एक मोठा मासा अर्धा कट्ट्यावर येऊन पडला होता. दुसरे पाण्याच्या वर तोंड काढून नुसते आ करत होते. मी चप्पल न घालताच खाली गेलो.

तोवर काका आले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ टाकीकडे गेले, झाकण सरकवलं, आत बोट बुडवून नाकाशी नेलं. मग धावत घरात जाऊन एक बाटली आणली आणि तळ्यात ओतली. क्लोरीन मारायचं औषध होतं ते, पण वेळ निघून गेली होती. त्यांनी वॉचमनला बोलावलं. टाक्या कोणी भरल्या? वॉचमन म्हणाला, वहिनींनी सांगितलं म्हणून मीच भरल्या. पंप चालू होता. कारंज्याचं पाणी पडत होतं. चौदा माशांतले अकरा उलटे झाले होते.

तेवढ्यात जिन्यावरून वहिनी उतरताना दिसल्या. हातात आरतीचं ताट, नवी साडी. त्यांची नजर अजून तळ्याकडे गेली नव्हती. काका खाली वाकले आणि त्यांनी पंपाचा स्विच बंद केला. कारंजं थांबलं. मग वॉचमनला म्हणाले, "तू जा. टाक्यांचं कोणाजवळ बोलायचं नाही." आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं.

वहिनींनी ताट कट्ट्यावर ठेवलं.

"पंप बंद पडला वहिनी," काका म्हणाले. "रात्रीत केव्हातरी. हवा मिळाली नाही त्यांना."

माझा पंप बंद पडणार नाही, हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं त्याचा हिशोब माझ्याकडेही नाही.

त्यांनी हे अर्धवट सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मेकॅनिकला बोलावलं. आवारात, सगळ्यांना दिसेल असा, पंप खोलला. ज्या पंपाला ते दुसऱ्याचा हात लागू देत नसत, तो सुटा सुटा होऊन वर्तमानपत्रावर पडला होता, आणि काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मेकॅनिकला विचारत होते की काय बिघडलं होतं. मेकॅनिक शिकवल्याप्रमाणे कॉइल जळल्याचं सांगत होता. वहिनी गॅलरीतून बघत होत्या.

मी संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. म्हटलं, हे मला ठाऊक आहे, वॉचमनला ठाऊक आहे, आज ना उद्या बाहेर पडणारच. ते काच पुसत होते. पुसणं न थांबवता म्हणाले, "मांजराच्या पिलाक तिना दोन वर्सा दिली. हे अकरा आसत. हिशोब तूच कर."

मग ज्याची मला भीती होती ते झालं. तीन दिवस आवारात वास होता. महिन्याअखेरीस सर्वसाधारण सभा बोलावली, विषय एकच, तळं. कोणी डासांचं काढलं, कोणी लहान मुलांचं. पण सगळ्यात जड मुद्दा काकांनीच हातात दिला होता. उघड्यावर पाणी, त्यात विजेचा पंप, आणि तो पंप जळतो. उद्या शॉक लागला तर? खुद्द सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही पंपातले माणूस. तुमचाच पंप जर असा जळतो, तर आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

काका एक वाक्य बोलले असते तर तळं वाचलं असतं. पंप ठीक होता, तळं ठीक होतं, चूक पाण्याची होती. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते समोरच्या पंख्याकडे बघत होते. मी घसा साफ केला तशी त्यांनी मान किंचित हलवली. नको.

आणि मागच्या रांगेतून वहिनी उठल्या. त्यांच्या हातात पदराचं टोक होतं.

"मला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "आदल्या संध्याकाळी मी टाक्या धुऊन घेतल्या आणि पहाटे ताजं पाणी भरलं होतं. त्यानं तर काही झालं नसेल ना, काका? मला रोज वाटतं विचारावं."

सेक्रेटरी बायकोकडे वळून बघू लागले.

काका हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं होतं. म्हणाले, "ताज्या पाण्यानं कोण मरतं, वहिनी? उलट जे तीन वाचले ते तुमच्या पाण्यानं वाचले. पंपच खराब माझा."

वहिनी खाली बसल्या. त्यांनी डोळे पुसले, शेजारच्या बाईंना काहीतरी सांगितलं, आणि त्यांचे खांदे सैल झालेले मला इतक्या लांबूनही दिसले.

मत घेतलं. तळं बुजवावं, नऊ. बुजवू नये, पाच. मी बुजवू नये म्हणून हात वर केला. वहिनींनीही केला. काकांनी दोन्ही वेळा केला नाही. सभा संपताना त्यांनी फक्त अनामतीची आठवण करून दिली. पैसे जमा आहेत, भराव मागवा.

वाचलेले तीन मासे पवईच्या एका शाळेच्या तळ्यात गेले. काकांनी ते ओल्या चादरीची झोळी करून, एकेक करून पिंपात सोडले. टेम्पोत स्वतः पिंपाशेजारी बसून गेले. परत आले ते खोलीत जाऊन आतल्या माशांना खायला घालत बसले. नियमाप्रमाणे कोणी बोललं नाही.

भराव पडला तेव्हा मी मोजणीला उभा होतो. कट्टा फोडून त्याच्या विटा खड्ड्यातच टाकल्या, त्यामुळे दोन ब्रासच्या आत काम झालं. काका तिथे आले, स्क्रू-ड्रायव्हर खिशात होता. जमिनीकडे बघून म्हणाले, पावसाळ्यात ही माती खचेल, वरून आणखी दोन घमेली ठेव. खरंच खचली.

पुढच्या वर्षी ते आणि काकू गावी गेले. जाण्याआधी सोळा टाक्या एकेक करून दिल्या, आणि प्रत्येक टाकी नेणाऱ्याला दोन दिवस शिळं केलेल्या पाण्याचा एक कॅनही दिला. बुजवलेल्या जागेवर वहिनींनी तगर लावली. त्या तिला पाणी घालत तेव्हा कधी कधी थांबून माझ्याशी बोलत. काकांचं नाव निघालं की म्हणत, बिचाऱ्यांचा पंप दगा देऊन गेला. फाटकाबद्दल मात्र त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मोठ्या फाटकातून येत-जात होत्या, शेवटपर्यंत.

राहिला हिशोब. भराव, माती आणि मजुरी मिळून तेरा हजार दोनशे रुपये कंत्राटदाराला दिले. अनामतीतले अठराशे उरले. ते परत द्यायला मी तेव्हाच काकांकडे गेलो होतो. त्यांनी घेतले नाहीत. मेकॅनिकचं बिल द्यायचं राहिलंय, त्याला दे, म्हणाले. मी म्हटलं, बिल पंधराशेचं आहे.

"वरचे तीनशे ऱ्हवांदे त्याका," ते म्हणाले. "खोटा बोलाक लावलंय मी."

मेकॅनिकला अठराशे रुपये रोख दिले. पावती सोसायटीच्या फायलीत आहे. तिच्यावर त्यानं लिहिलंय, 'पंप दुरुस्ती'.